बर्फाचा नंबर

माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक पुरुष राहतो, असं आमच्या ऑफिसात सर्वानुमते ठरलेलं आहे. बाजूच्या टेबलावर बिलं करणारी मुलगी मला ताई म्हणते, त्यामुळे तो तिचा भावोजी. "ताई, आज भावोजी गप्प का?" असं तिनं विचारलं की समजायचं, मी इअरफोन लावलाय. इअरफोन काढला की भावोजी सगळ्यांसमोर सुरू होतात, एकसुरी, न दमता, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखे. स्क्रीनवर जे लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणं एवढंच त्यांचं काम. मला दिसत नाही, म्हणून ते वाचतात. मी ऐकते आणि कीबोर्डवर बोटं चालवते.

मिरकरवाड्याच्या बंदराला लागून आमचा बर्फाचा कारखाना आहे. आमचा म्हणजे शेठचा. पण इतकी वर्षं काढल्यावर मी आमचाच म्हणते आणि शेठनी कधी हरकत घेतलेली नाही. माझं काम बर्फाचे नंबर लावण्याचं. बोट समुद्रात जायच्या आधी मासळी ठेवायच्या खणात बर्फ भरून घेते. तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या कप्तानाचा, फोन येतो: इतक्या लाद्या, अमक्या धक्क्यावर, अमक्या भरतीच्या आत. मग कुणाचा बर्फ आधी फोडायचा, कुणाचा नंतर, टेम्पो कुठं पाठवायचा, हे मी जुळवते. भरती काही कुणाच्या ओळखीची नसते. नंबर चुकला की बोट धक्क्याला अडकते आणि तांडेलाचं तोंड सुटतं. त्या तोंडाच्या वर आवाज काढू शकणारा बंदरावर एकच माणूस, तो म्हणजे आमचे शेठ. दर्यावर्दी घराणं, उमेदीची काही वर्षं आखातात काढलेली, दाढी पांढरी, पाच वेळची नमाज कधी न चुकलेली. पण कामात चूक दिसली की त्यांचा आवाज दीपगृहापर्यंत जातो, असं लोक म्हणतात. ऑफिसातल्या प्रत्येकानं त्यांचा ओरडा खाल्लेला आहे. मीही पुष्कळ खाल्ला.

माझे डोळे एकदम गेले नाहीत. आधी संध्याकाळ गेली, म्हणजे दिवेलागणीनंतरचं दिसेनासं झालं. मग दोन्ही बाजू गेल्या. समोर एक गोल झरोका राहिला होता, तोही हळूहळू धुरकटला. मुंबईच्या डॉक्टरनं अगदी सभ्यपणे सांगितलं की यावर उपाय नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले आणि आहे ते सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाय," ते म्हणाले, "तू बस. खुर्ची तुझीच हाय. पगाराची फिकीर करायची नाय. मी हाय तवर कोण तुला उठवील ते बघतो."

मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. घरी येऊन रडले, आनंदानंच रडले. त्या बसण्याचा अर्थ काय होता, तो पुढच्या आठवड्यात कळायला लागला.

फोन वाजला की बिलंवाली तो माझ्या हाताखालून अलगद काढून घ्यायची. "ताई, तुम्ही राहू द्या, मी लिहिते." नंबर ती लावायची, टेम्पोवाल्यांना ती सांगायची, वर आपली बिलंही करायची. मला चहा यायचा. खुर्चीला उशी आली. कुणीतरी पंखा माझ्याकडे वळवला. आमच्याकडची माणसं बोलायला तिरकस. सरळ बोलली तर त्यांना अपचन होतं. पण माझ्याशी सगळेच सरळ आणि हळू बोलायला लागले, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसे. शेठसुद्धा. एकदा बिलंवाली जेवायला गेली असताना फोन मी घेतला आणि माझ्यामुळेच दोन टेम्पो एकाच धक्क्यावर गेले. केबिनचं दार उघडलं तशी मी ओरडा खायला सरसावून बसले. शेठ म्हणाले, "असू दे बाय, होतं असं." आणि दार लावून घेतलं.

घरीही तेच. नवरा भाट्याच्या बाजूला एका रोपवाटिकेत कामाला आहे, अबोल माणूस. त्यानं माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायला सुरुवात केली. जन्म समुद्राकाठी गेला माझा. पाल्यासारखा काटेरी मासा मी गप्पा मारत खाते, आणि हा माणूस मला तुकडे निवडून वाढतोय. त्या दिवशी मी ताटावरून उठले. त्याला वाटलं, मासा शिळा होता.

मला पगार हवाच होता, तो मिळत होता. मला खुर्ची नको होती, काम हवं होतं. माझ्या हातून झालेलं काम, ज्याचं मला कुणी विचारील. एवढं एकच मागणं होतं, आणि ते मागायचं कुणाकडे तेच कळत नव्हतं, कारण सगळेच इतके चांगले वागत होते. चांगलं वागणाऱ्याशी भांडता येत नाही, हे मोठं दुखणं आहे.

गावात एक संगीतमास्तर आहेत, जन्मापासून अंध. हार्मोनियम शिकवतात आणि कॉम्प्युटर आमच्या धाकट्या शेठपेक्षा, म्हणजे शेठच्या मुलापेक्षा, झपाझप चालवतात, असं मी ऐकून होते. पावसाळ्यातली मासेमारीबंदी सुरू झाली, बंदर निजलं, कारखान्यात माश्या मारायलाही काम उरलं नाही, तेव्हा एकदा नवऱ्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. माझं सगळं पुराण त्यांनी ऐकलं.

"रडून झालं असेल तर कीबोर्ड पुढे घ्या," मास्तर म्हणाले. "आणि माऊसची वायर काढून टाका. त्याचं आता तुमच्याकडे काही काम नाही."

कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी सरळ तिरकस बोललं. मला तो माणूस तिथंच आवडला.

त्यांनी स्क्रीन रीडर दाखवला, म्हणजे पुढे ज्याचा भावोजी झाला तो. मी पहिला प्रश्न विचारला, पैसे किती पडतील? ते म्हणाले, फुकट. फुकट म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस आधी खिसा चाचपतो. नवरा एवढा अबोल, पण तोही म्हणाला, "मग ह्याच्यात गोम काय?"

"तुमच्या वाडीत पाखाडी आहे ना?" मास्तरांनी विचारलं. पाखाडी म्हणजे डोंगरउतारावरच्या घरांपर्यंत जाणारी जांभ्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट. "तिचा मालक कोण?"

"वाडी," मी म्हटलं.

"चालायचे पैसे घेते का वाडी? नाही ना? आणि चिरा निखळला तर?"

"ज्याला दिसेल तो बसवतो."

"मग झालं. ह्याला ओपन सोर्स म्हणतात. आत काय लिहिलंय ते सगळ्यांना उघडं आहे. चूक सापडली तर सांगायची, येत असेल त्यानं दुरुस्त करायची."

"पण मला कुठं दिसणार निखळलेला चिरा?"

"मलाही दिसत नाही. पण ठेच तर आपल्यालाच लागते ना? लागली की गप्प बसायचं नाही, एवढं लक्षात ठेवा."

सगळी बंदी मी शिकण्यात घालवली. सोपं होतं असं म्हणणार नाही. पहिले काही दिवस तर भावोजी इतकं भराभर बोलायचे की मला वाटायचं हा माणूस कर्ज फेडायला पळतोय. मग कान बसला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मास्तरांनी फोनवरून सांगून सांगून दुसरंही एक ओपन सोर्स बसवून घेतलं: तक्ते करायचं, हिशेबाचं, पत्रं लिहायचं, सगळं एकत्र असलेलं. त्यातल्या तक्त्यावर मी बर्फाचे नंबर पुन्हा मांडले. बोट, धक्का, भरतीची वेळ, लाद्या.

एक ठेच लगेच लागली. वेळ लिहिली की आवाज मधलं चिन्ह गिळायचा आणि साडेपाचची भरती पाचशे तीस होऊन कानात पडायची. मास्तर म्हणाले, लिहा त्यांना. कुणाला, ते मला आजही नीट माहीत नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी लिहिलं की इथं भरतीच्या वेळेवर लोकांचं पोट आहे आणि तुमचा आवाज तिचा आकडा करतो. आपल्याकडे रात्र असते तेव्हा ज्याच्याकडे दिवस असतो अशा कुठल्या तरी देशातून एका माणसाचं उत्तर आलं. त्यानं धन्यवाद वगैरे म्हटलं आणि मग प्रश्न विचारले, नीट, कामाचे प्रश्न: कुठल्या अंकांत लिहिता, कुठला आवाज वापरता, नेमकं काय ऐकू येतं. शेवटी त्यानं हेही विचारलं, की मी बदल केला तर तुम्ही तपासून सांगाल का? मी ते वाक्य भावोजींकडून पुन्हा वाचून घेतलं, मग आणखी एकदा. मी तपासून सांगायचं होतं. काही दिवसांनी नवीन आवृत्ती आली आणि भावोजी म्हणाले, पाच तीस. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. बिलंवाली धावत आली. तिला वाटलं मला फेफरं आलं.

पण ऑफिस एकटीचं नसतं. आमच्याकडे सगळा कारभार रंगांवर चालायचा. ज्याला बर्फ गेला त्याची ओळ हिरवी, ज्याची भरती जवळ आली त्याची तांबडी, ज्याच्या तांडेलाशी भांडण झालंय त्याची जांभळी. ही रंगपंचमी बिलंवालीनंच सुरू केली होती आणि तिला तिचा अभिमान होता. भावोजींना रंग कळत नाहीत. मी म्हटलं, बंदी उठायच्या आधी गेल्या वर्षीच्या ओळींवर सराव करू, रंगाबरोबर एक शब्दही लिहीत जा. ती म्हणाली, "हो ताई, अगदी हो," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसती तांबडी. विसरायची बिचारी. मनात तिच्या हेच असणार, की शेवटी नंबर मलाच लावायचेत, ताई आपल्या जिवाला विरंगुळा म्हणून करतायत. विरंगुळा! मला इतका राग आला होता की मी एक दिवस तिच्याशी बोलले नाही. तिनं त्याही दिवशी चहा आणून ठेवला.

त्यातच धाकट्या शेठनी पैसे भरून एक नवीन सॉफ्टवेअर आणलं. बिलं, बर्फ, टेम्पो, सगळं एकात. सगळे म्हणाले, दिसायला फार सुरेख आहे. असेल. मी ते उघडलं आणि कळा दाबत पुढे पुढे गेले तर भावोजी म्हणाले, "बटण. बटण. बटण. बटण." प्रत्येक बटणावर म्हणे सुंदर चित्र होतं, पण बनवणाऱ्यांनी त्यामागे नाव लिहिलेलंच नव्हतं. मी त्या कंपनीला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. तुमची सूचना नोंदवली आहे, म्हणाल्या. पुन्हा केला, पुन्हा नोंदवली. हे घर दुसऱ्याच्या मालकीचं होतं. ठेच लागल्याचं मी ओरडून सांगू शकत होते, पण चिऱ्याला हात लावायची सोय नव्हती.

बंदी उठायला थोडे दिवस उरले होते. आता नंबर त्या सॉफ्टवेअरमध्ये गेले की मी कायमची उशीवर बसणार, हे मला लख्ख कळत होतं. म्हणून धाकटे शेठ सगळ्यांना नवीन सॉफ्टवेअर समजावायला आले तेव्हा मी माझा इअरफोन काढला, आवाज मोठा केला आणि त्यांच्या त्या सुरेख पानावरून कळ दाबत गेले. बटण. बटण. बटण. बटण. ऑफिसात हशा पिकला. धाकटे शेठही हसले. मी कळ दाबतच राहिले. हळूहळू हसू थांबलं, भावोजी मात्र बटणं मोजल्यासारखे बोलतच होते.

"ह्याच्यावर मी काम करायचं आहे," मी म्हटलं. "आणि हा माझा तक्ता." मग तो वाचून दाखवला. बोट, धक्का, पाच तीस, लाद्या.

धाकटे शेठ भला माणूस आहे. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, फक्त हे कधी आलंच नव्हतं. तो म्हणाला, "बिलं नवीन ह्याच्यात. बर्फाचे नंबर तुमच्या तक्त्यात. आणि रंगाऐवजी शब्द, काय?" हे शेवटचं बिलंवालीला होतं. ती म्हणाली, "माझी हिरवी-तांबडी गेली म्हणायची." पण त्या दिवसापासून तिनं शब्द लिहिला.

बंदी उठली. त्या सकाळी मिरकरवाड्यात कान देऊन उभं राहिलं तर सगळं बंदर एकदम घसा साफ करतंय असं वाटतं: इंजिनं, बर्फ फोडणारे क्रशर, हाका, नारळ फुटल्याचे आवाज. सगळ्यांना बर्फ एकाच भरतीच्या आत हवा होता. फोन मीच घेत होते. नंबर मीच लावत होते. मोठ्या बोटींचा बर्फ आधी फोडायला घ्यावा म्हणून मी लाद्यांचा रकाना निवडला आणि मोठ्या आकड्यापासून खाली क्रम लावायला सांगितला. भावोजींनी विचारलं: शेजारच्या रकान्यांतही मजकूर आहे, तोही बरोबर घेऊ की फक्त एवढाच? इकडे एक तांडेल फोनवर कान खात होता. मी त्याला हो हो म्हणता म्हणता भलतंच दाबलं. फक्त एवढाच.

म्हणजे काय झालं, तर बोटी आपापल्या जागी राहिल्या आणि लाद्या तेवढ्या वरखाली झाल्या. पहिल्या ओळीत एक छोटी होडी होती. तिच्यासमोर बंदरातल्या सगळ्यात मोठ्या ट्रॉलरचा बर्फ येऊन बसला. तक्ता मी तसाच क्रशरवर आणि टेम्पोवाल्यांना मोबाइलवर पाठवून दिला.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्या होडीवाल्यानं पहिल्याच टेम्पोला हाकललं असतं. पण मोसमाच्या पहिल्या दिवशी धक्क्यावर आलेल्याला नको म्हणत नाहीत. पहिलाच नकार तोंडातून गेला तर मासळीही नकार देते, अशी आमच्याकडची समजूत. तो बिचारा घेत गेला. खण भरला, मग टोपल्या भरल्या, मग जाळ्यावर बर्फ टाकला. टेम्पो येतच राहिले. त्याला वाटलं, शेठना यंदा काहीतरी पावलंय. होडी पाण्यात अशी बसली की चढायला माणूस भीत होता. आणि तिकडे मोठ्या ट्रॉलरला पोचल्या मूठभर लाद्या. त्याच्या तांडेलानं फोन केला नाही. तो स्वतःच आला.

पाठोपाठ शेठ आले. पावलांवरून कळत होतं, काय होणार ते.

"हे कोणी केलं?"

बिलंवाली चटकन पुढे झाली. "शेठ, जाऊ द्या, ताईंना दिसत नाही ना, त्यात एवढी गर्दी..."

"दिसण्याचा काय संबंध?" मी उभी राहिले. "मला विचारलं होतं आणि मी चुकीचं दाबलं. डोळे असते तरी तेच दाबलं असतं. नंबर मी लावलेत शेठ. चूक माझी आहे."

शेठचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मला ओरड्याची भीती नव्हती. ते आता पुन्हा हळू आवाजात बाय म्हणतील आणि दार लावून घेतील, याची होती.

"मेले!" शेठ कडाडले. "अक्कल काय मुंबयला डॉक्टरकडे ठेवून आलीस? एवढीशी ती होडी, तिच्यात डोंगर भरलास? ती मेली बुडली असती म्हंजे? विचारलेलं ऐकायला येत नाय? कान तरी धड हायत ना तुझे? बंदरात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय माझी! आणि उभी काय रहिलीस खांबासारखी? ती भरती तुझ्या मामाची हाय? लाव नंबर! परत लाव सगळे!"

आणखीही बरंच होतं. खिडकीची काच थरथरत होती. ट्रॉलरचा तांडेल स्वतःचं भांडण विसरून दाराकडे सरकला. मी खाली बसले, इअरफोन लावला, सगळे रकाने निवडून क्रम नव्यानं लावला, दोनदा ऐकला आणि पाठवला. मग टेम्पोवाल्यांना एकेक फोन केला. होडीतला बर्फ उतरवायला माणसं पाठवली. माझे डोळे वाहत होते. दिसत नसले तरी तेवढं त्यांना येतं. बिलंवालीनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि कुजबुजली, "ताई, शेठना असं बोलायला नको होतं." तिला काय सांगणार?

ट्रॉलर भरतीच्या शेवटच्या पाण्यावर निघाला. शेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी निघताना केबिनच्या दारातून तेवढं म्हणाले, "उद्या सकाळच्या भरतीचे नंबर आज लावून जा." मी लावून गेले.

नवरा स्कूटर घेऊन बाहेर उभा होता. भाट्याच्या पुलावर वारा लागला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अहो, आज शेठ मला ओरडले."

त्यानं स्कूटर कडेला घेतली. "तुला? कशावरून?"

"कामावरून."

त्यानं इंजिन बंद केलं. "नीट सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून." तिथंच पुलावर उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं, शेठची एकही शिवी न गाळता.